आप्पांची आट्यांची वही

त्रिंबकआप्पा करमाडचे. घरी मेंढरं, नोकरी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात, लेथवर. बोल्टवर कुठल्या मापाचे आटे पाडायला किती दातांचे गिअर लावायचे, हे त्यांनी चार वर्षं करून बघितलं आणि एका वहीत उतरवलं. नुसते आकडे, शब्द एक नाही. आम्हाला वाटायचं, माणूस मितभाषी आहे. वही कपाटावर असायची, कुणीही बघावी. पेन्सिल मात्र आप्पांचीच. दुसऱ्या कुणाचा आकडा फोरमन मानत नसे.

आप्पा पहिल्या पाळीला. मी आणि बद्रीनाथ दुसऱ्या. पाळी सुटली की आप्पा गाडीसाठी असे निघत की मागून हाक पोचत नसे. म्हणून चूक दिसली की आम्ही वहीत चिठ्ठी ठेवायचो. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी गायब, चूक जागेवर.

बद्रीनाथ नवा, अजून कायम न झालेला. वहीत एका ठिकाणी चाळीस दातांच्या जागी पंचेचाळीस होतं. त्यामुळे बद्रीनाथचे दोन जॉब, म्हणजे आटे पाडलेले तुकडे, वाया गेले; नट चढेना. तिसरा गेला तर घरी बस, फोरमननं बजावलं. बद्रीनाथनं सात चिठ्ठ्या लिहिल्या, आकडेसुद्धा अक्षरांत. पहिलीत ‘आदरणीय’, सातवीत नुसतं ‘अहो’.

विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनात एक दिवस शहर बंद होतं. कारखान्याला सुट्टी, बस नाही. मुकुंदवाडीपासून रुळाच्या कडेनं आम्ही दोघं चार तास चाललो, करमाडला आप्पांच्या घरापर्यंत.

आप्पांच्या बायकोनं, बानाबाईंनी, पाणी दिलं. आम्ही आप्पांना चिठ्ठ्यांचं विचारताच बानाबाईंनी फळीवरून एक डबा काढला. सगळ्या चिठ्ठ्या नीट घडी घालून ठेवलेल्या.

“लोकांनी लिहिलंय, फेकायचं कसं?” आप्पा म्हणाले. “मला आकडा येतो. अक्षर नाय येत.”

“मग सांगायचं ना, आप्पा.”

“कुणी इचारलं?”

बद्रीनाथ एकेक वाचायला लागला. माझी निघाली तेव्हा मी खोकलो. त्यानं तरी वाचली: तुमच्यापेक्षा तुमचं मेंढरू बरं, हाक मारली तर निदान बें करतं.

बानाबाईंनी तोंडाला पदर लावला. आप्पा माझ्याकडं बघून शांतपणे म्हणाले, “पुंजाराम, ह्याच्यात आकडा कुठंय?”

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर आप्पा थांबले. चाळीस लावून स्वतः एक तुकडा पाडला, नट चढवून बघितला, मगच वहीतलं पंचेचाळीस खोडलं. बद्रीनाथनं तिसरा जॉब त्यावर केला. फोरमननं नट फिरवला, परत फिरवला, आणि चौथा जॉब त्याच्यापुढं सरकवला.