प्लॅस्टिकची भिंत

परदेशात आल्यावर गुंगालिनमधलं आमचं घर आम्ही तयारच घेतलं. बाहेरून राखाडी रंगाच्या लाकडी फळ्या, पांढऱ्या चौकटी. फोटोत इतकं देखणं दिसायचं की सासूबाईंनी पुण्यात तो फोटो झाडून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. फळ्या लाकडाच्या नव्हत्याच. ते भिंतीवर बाहेरून ठोकलेलं व्हायनिलचं क्लॅडिंग होतं, म्हणजे साध्या भाषेत प्लॅस्टिकचं आवरण, आणि तेही पातळ. विकणाऱ्यानं 'लो मेन्टेनन्स' म्हणून त्याचं असं काही कौतुक केलं की आम्ही माना डोलावल्या. वांगी मी दाबून बघून घेते, पण घराच्या भिंतीवर टिचकी मारून बघावी लागते हे कुणाच्या डोक्यात येणार?

पहिली दिवाळी आली. इथे दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे, त्यामुळे ती वसंतात येते, पण संध्याकाळी गार वारा असतोच. मी दाराच्या दोन्ही बाजूंना, भिंतीला अगदी लागून, पणत्या मांडल्या. भिंतीच्या आडोशाला ठेवली की पणती विझत नाही, हे आपल्याकडे कुणी शिकवत नाही, हात आपोआप तिथेच जातो. आमच्या लेखी भिंत म्हणजे विटा आणि सिमेंट. दिव्यानं ती काळी होते, वितळत नाही. सकाळी मुलगी रांगोळी बघायला बाहेर गेली आणि ओरडतच आत आली, "मम, द हाउस इज मेल्टिंग!" दाराच्या दोन्ही बाजूंना तळहाताएवढे खड्डे पडले होते आणि फळ्यांच्या कडा तापलेल्या डब्याच्या झाकणासारख्या मुडपल्या होत्या. तेव्हा आम्ही तिघंही पोट धरून हसलो.

उन्हाळ्यात हसू आटलं. पश्चिमेच्या भिंतीपाशी पणतीच काय, कधी उदबत्तीसुद्धा लावली नव्हती. ती भिंत जानेवारीत फुगली. फळ्या इतक्या घट्ट ठोकल्या होत्या की तापून पसरायला त्यांना जागाच नव्हती, मग त्या नागमोडी होऊन बाहेर आल्या. दुपारभर भिंतीतून टकटक आवाज यायचा. हिवाळ्यात तेच प्लॅस्टिक थंडीनं इतकं कडक झालं की मुलीचा साधा टेनिस बॉल लागून एक फळी तडकली. फटींतून पाऊस आत गेला आणि तिच्या खोलीत कपाटामागे काळी बुरशी धरली. तिची गादी आम्ही आमच्या खोलीत आणून टाकली.

घर बांधणाऱ्या कंपनीचा माणूस बघायला आला, तो पुढच्या दारातच थांबला. त्यानं खड्डे पाहिले, खाली तेलाचे डाग पाहिले आणि माझ्याकडे ढुंकूनही न बघता माझ्या नवऱ्याला म्हणाला, "ओपन फ्लेम, मेट. वॉरंटी डझन्ट कव्हर इट." मी त्याला जवळजवळ ओढत पश्चिमेला नेलं. भिंत दाखवली, बुरशी दाखवली. "हू लाइट्स कँडल्स हिअर? द सन?" मी विचारलं. तो हसला. "हीट इज हीट," म्हणाला आणि गाडीत बसून निघूनही गेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अगं, सोड ना," नवरा म्हणाला. "त्यांच्याशी कोण भांडत बसणार? पुढच्या वर्षी एलईडी लावू, नो वरीज."

"दाराचे खड्डे माझे, मान्य," मी म्हणाले. "पण पश्चिमेला काय मी होळी पेटवली होती?"

कंपनीला मेलवर मेल पाठवले. प्रत्येकाला 'ओपन फ्लेम'चं तेच एक वाक्य उत्तरात यायचं. त्याहून संताप आला तो आमच्याच एका मैत्रिणीचा. चहा पिता पिता म्हणाली, "आपल्या लोकांनीही जरा काळजी घ्यायला हवी ना गं, असं काही झालं की नाव आपलंच खराब होतं." उन्हात न टिकणारी भिंत ज्यांनी या देशात उभी केली, त्यांचं नाव कुठेच खराब झालं नव्हतं. सगळं खापर माझ्या पणत्यांवर फुटलं होतं. आणि या सगळ्या चर्चा मुलगी ऐकत होती, हे आमच्या लक्षातही आलं नाही.

यंदा लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी पणत्यांत तेल घालत होते. मुलगी शेजारी येऊन उभी राहिली. तिनं एकच पणती उचलली, बाहेर गेली, आणि ती दारापासून लांब, पार रस्त्याकडेच्या कचऱ्याच्या डब्यांपाशी ठेवली. मग आधी शेजारच्या घराकडे, नंतर माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, "इज इट ओके हिअर, आई? आय डोन्ट वॉन्ट अवर दिवाळी टू ब्रेक द हाउस अगेन."

वाकडी भिंत मी एक वेळ सहन केली असती, पण हे नाही. मी तिला खांद्याला धरून पश्चिमेच्या भिंतीपाशी नेलं आणि तिचा हात त्या फुगलेल्या फळीवर ठेवला. दिवसभराच्या उन्हानं ती अजून कोमट होती.

"इथे आपण दिवा लावला होता?"

"नो."

"मग हे कुणी केलं?"

तिनं फुगवट्यावरून बोटं फिरवली. मग म्हणाली, "दे मेड इट बॅड."

"हो," मी म्हणाले. "आणि हे त्यांना मी सांगतच राहणार आहे."

ती डब्यांपाशी गेली, पणती उचलली, हाताचा आडोसा धरून दारापर्यंत आणली आणि पायरीच्या काँक्रीटवर मधोमध ठेवली.