विकण्याचं कारण

आमची पहिली वेबसाइट गडद हिरवी होती आणि तिच्यावर पिवळी अक्षरं उघडझाप करायची. थोडा वेळ बघितलं की डोळ्यांतून पाणी येई. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतली विकाऊ घरं, प्लॉट आणि जमिनी तिच्यावर एकाखाली एक नुसत्या ओतून ठेवल्या होत्या. कऱ्हाटीतलं घर बघायचं तर सुप्याच्या सगळ्या जमिनी ओलांडून खाली जावं लागे. ही करणी माझीच होती, त्यामुळे तिला नावं ठेवण्याचा पहिला हक्कही माझा.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून मी बारामतीतल्या एका कॉम्प्युटर क्लासात शिकवत होते. रोज माझ्या गावाहून, डाळजहून, एसटीनं यायचं, दिवसभर पोरांना माउस कसा धरायचा ते सांगायचं आणि संध्याकाळी परत जायचं. क्लासच्या मालकांना आम्ही सर म्हणायचो. घरचा ऊस होता, तो भाऊ बघायचे, म्हणून सरांना इंटरनेटचं वेड परवडत होतं. पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेल्या आपल्याकडच्या माणसांना ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर गावाकडचं घर शोधता यावं, ही त्यांची कल्पना. कल्पना झकास होती. फक्त माझ्या वेबसाइटवर कुणाला काही धड सापडत नव्हतं.

म्हणून त्या पावसाळ्यात सरांनी ती सगळी मोडून नव्यानं करायला सांगितली. तालुका निवडा, गाव निवडा, खोल्या किती, किंमत कुठवर ते सांगा, आणि बटण दाबलं की तेवढीच घरं समोर, तीही फोटोसकट. उद्घाटन दसऱ्याला. सरांच्या लेखी तो साडेतीन मुहूर्तांतला एक. आम्ही बौद्ध, आमच्या समाजानं धम्म स्वीकारला तोही विजयादशमीलाच, त्यामुळे मला त्या दिवसाचं वेगळं अप्रूप. दोघांनाही आपापल्या कारणानं पटलेला असा मुहूर्त विरळाच, म्हणून मी जोमानं कामाला लागले.

एका रकान्यावरून मात्र आमचं वाजलं. जुन्या साइटवर चिकाटीनं शोधून जे थोडे लोक फोन करत, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. का विकतायत? किंमत, पाणी, रस्ता, सगळं नंतर. आपल्याकडे सुखासुखी घर कोण विकतं? एकतर भावाभावांत बिनसलेलं असतं, नाहीतर घर लाभलेलं नसतं, नाहीतर विकणारा काहीतरी दडवत असतो. ते कळल्याशिवाय घेणाऱ्याच्या जिवाला स्वस्थता नाही. तेव्हा नव्या साइटवर प्रत्येक घरापुढे ‘विकण्याचं कारण’ असा रकाना हवाच, असं सरांनी फर्मावलं. मी म्हटलं, जगातल्या कुठल्याही साइटवर असलं काही नसतं. ते म्हणाले, जगाला कुठं बारामतीत घर घ्यायचंय. मी चडफडत रकाना केला.

मग गळ्यात कॅमेरा अडकवून मी गावोगाव कारणं गोळा करत हिंडले. कारण विचारलं की माणसं अशी बघत, जणू मी त्यांच्या कपाटाची किल्ली मागितलीय. इंदापूरच्या एका बागायतदार आबांना म्हणे तिकडची हवा मानवत नव्हती, म्हणून ते बारामतीत घर घेणार होते. कऱ्हाटीत नवरा म्हणाला हिला विचारा, बायको म्हणाली त्यांना विचारा, आणि शेवटी दोघंही उत्तराच्या आशेनं माझ्याकडे बघत बसले. सुप्यातले एक तात्या त्यातल्या त्यात खरे निघाले. त्यांना घर विकायचंच नव्हतं, नुसतं किती येतात ते बघायचं होतं. उरलेल्या सगळ्यांची पोरं पुण्याला होती आणि सगळ्यांना पोराजवळ जायचं होतं. रकाना छान भरत चालला होता आणि त्यातून कुणालाही काहीही कळत नव्हतं. मी सरांना रोज त्यावरून चिडवत असे.

बारामतीच्या कडेला तेव्हा एक नवी वसाहत होत होती. तिथला एक पांढरा, एकमजली बंगला आमच्याकडे विकायला आला. मालक टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. गावातल्या निम्म्याअधिक घरांत त्यांनी आपल्या हातानं फोन बसवला असेल. त्यांच्या भिंतीवरच्या दोन तसबिरी बघितल्या आणि मला काही विचारावं लागलं नाही, आमच्या घरीही त्याच होत्या. त्यांच्या मंडळींना मी काकू म्हटलं. त्यांचं माहेर डाळजपासून जवळच निघालं, तशी त्यांनी माझा हातच धरला आणि फोटोबिटो राहू दे म्हणून आधी जेवायला बसवलं.

घर मन लावून बांधलेलं होतं. पुढची खोली पाहुण्यारावळ्यांसाठी मुद्दाम मोठी केलेली, स्वयंपाकघराला दोन खिडक्या, मागं धुणं वाळत घालायला ऐसपैस जागा. जेवता जेवता मी कारण विचारलं. काका म्हणाले, मुलगी नगरला असते, तिच्याजवळ जायचंय. हे मला आता पाठच झालं होतं, मी नुसती मान हलवली. काकू वाढत होत्या, त्या थांबल्या.

“पोरीला खोटं कशाला सांगताय?” त्या म्हणाल्या. “हितं येऊन तीन वरसं झाली. आजूबाजूचं एक माणूस आमच्यात चहाला आलं न्हाय. घरभरणीला समद्यांना बोलावलं हुतं. पातेलंभर चहा केला हुता. तो तसाच राहिला.”

मग त्यांनी सगळं सांगितलं, काका मध्येच ‘जाऊ दे’ म्हणत असतानाही. शेजारी वाईट नव्हते. रस्त्यात थांबून बोलत, फोन बिघडला की काकांना हाक मारत, आणि काका जाऊन दुरुस्त करून देत. पण यांचा उंबरा कुणी ओलांडत नसे. कुणाचा उपास असे, कुणाला डॉक्टरांनी चहा बंद केलेला असे. आम्ही कोण आहोत म्हणून हे चाललंय, ते दोन्ही बाजूंना ठाऊक होतं आणि कुणीच ते तोंडानं बोलत नव्हतं. काकूंचं सगळं आयुष्य आमच्या वस्तीत भाड्याच्या खोलीत गेलेलं. तिथं दार दिवसभर उघडं, येणाराजाणारा ओट्यावर टेकणार, चहाचं आधण कधी उतरायचंच नाही. इथं त्या हळूहळू बोलायच्याच कमी झाल्या होत्या.

काका मला फाटकापर्यंत सोडायला आले आणि तिथं हळू आवाजात म्हणाले की घर पुन्हा होईल, पण ही अशीच मिटत गेली तर मी काय करू. तिला इथून लवकर बाहेर काढायचंय, एवढंच बघ. निवृत्तीची सगळी पुंजी ज्या भिंतींत घातली, त्या सोडून द्यायला हा माणूस बायकोपायी एका पायावर तयार होता. त्या काळी माझ्या लग्नाच्या गोष्टी चालल्या होत्या, आणि असा नवरा मिळावा असं मला त्या फाटकापाशी अगदी मनापासून वाटलं.

काकूंनी सांगितलं तेच मी लिहायचं ठरवलं. ‘घराला काही दोष नाही. शेजारी चहाला येत नाहीत.’ निघताना मी तसं बोलून दाखवलं, तेव्हा असं कुणी लिहितं का, असं काका म्हणाले होते, आणि लिहायचं नाही तर विचारता तरी कशाला, असं काकूंनी मलाच सुनावलं होतं. ऑफिसात येऊन मी ते जरा तोऱ्यातच सरांपुढे ठेवलं, कारणं हवी होती ना, घ्या. सरांनी वाचलं. त्या वसाहतीत कोण कोण राहतं ते त्यांना माहीत होतं, त्यांचे एक-दोन नातेवाईकच तिथं होते. ते बराच वेळ माउस उगाचच इकडेतिकडे फिरवत बसले. मला वाटलं, खोडणार. पण खरं असेल तर असंच जाऊ दे, एवढंच म्हणाले. सरांबद्दल माझ्या मनात जी माया आहे, तिच्यात त्या वाक्याचा मोठा वाटा आहे.

मनात धाकधूक होतीच. हे वाचून त्या घरासाठी कुणी फोन करेल असं आम्हा दोघांनाही वाटत नव्हतं. आला तर आमच्यातल्याच एखाद्याचा येईल, आणि मग काकूंसारखीच आणखी एक बाई तिथं एकटी बसेल, असंही माझ्या मनात येऊन गेलं.

दसरा जवळ आला तसा सरांनी पुण्यातल्या ओळखीच्या लोकांना साइटचा पत्ता दिला, चालवून बघा आणि कुठं अडतं ते कळवा म्हणून. बरंच अडत होतं. मराठी अक्षरं दिसायला आधी फॉन्ट उतरवून घ्यावा लागे, तो निम्म्यांना जमेना. इंदापूर निवडलं तरी बारामतीच येई. एका घराचा फोटो उलटा लागला होता आणि ते दोन दिवस कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मी एकेक चूक दुरुस्त करत होते, आणि त्या गडबडीत नव्या साइटवरून पहिला खरा फोन आला. तो त्याच बंगल्यासाठी होता.

गृहस्थ पुण्यात एका कंपनीत होते, मूळचे आपल्याच भागातले, निवृत्तीनंतर इकडे येऊन राहायचं म्हणत होते. बोलणं अतिशय गोड, मला ताई म्हणत होते. घर आवडलं होतं, किमतीत घासाघीस करायची नव्हती. फक्त कारण वाचून जरा कोड्यात पडलोय म्हणाले, आणि मालकांचं आडनाव विचारलं. मी सांगितलं. पलीकडे ते मोकळेपणी हसले.

“असं होय! मग बरोबर आहे, ताई. मला वाटलं शेजारच भांडखोर आहे की काय. म्हणजे गल्ली आपल्याच लोकांची आहे. एकदा वास्तुशांत करून घेतली की झालं.”

त्या आपल्या लोकांत त्यांनी मलाही धरलं होतं. मालकांना विचारून कळवते म्हणून मी फोन ठेवला. ज्या कारणापायी घर पडून राहील असं आम्हाला वाटत होतं, त्याच कारणामुळे ते पूर्ण किमतीला चाललं होतं. मी सरांना सांगितलं. मान न उचलता ते म्हणाले, घर त्यांचं आहे, त्यांच्यापासून यातलं काही लपवू नको.

क्लास सुटल्यावर मी वसाहतीत गेले आणि दोघांना समोर बसवून शब्दन् शब्द सांगितला. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. तो काय म्हणतो याच्याशी आपल्याला काय करायचंय, असं ते म्हणाले. पूर्ण किंमत देतोय, दिवाळीच्या आत आपण मोकळे होऊ. बोलत माझ्याशी होते, पण बघत काकूंकडे होते. मला त्यांचं चुकतंय असं म्हणवेना.

काकू उठून आत गेल्या. रडत असतील असं वाटून मी उठणार, एवढ्यात त्याच बाहेर आल्या. डोळे कोरडे होते.

“मी गेले की या गल्लीला बरं वाटंल,” त्या म्हणाल्या. “तो आला की त्येला बरं वाटंल. आन् ह्या समद्यांना बरं वाटावं म्हणून मी माझं घर देऊ व्हय? मी न्हाय जात.”

तुला इथं करमत नाही, असं काका अगदी कळवळून म्हणाले.

“न्हायच करमत. तरी जात न्हाय.”

मग काका माझ्याकडे वळून, साइटवरून ते घर काढून टाक, असं म्हणाले, आणि मला त्यांच्या आवाजात सुटका ऐकू आली. काकूंनी तोवर एक खुर्ची उचलून अंगणात, फाटकाजवळ नेऊन ठेवली होती. आजवर आत बसून वाट बघितली, आता भाईर बसू, असं म्हणत त्या दुसरीसाठी आल्या, तेव्हा काकांनी ती त्यांच्या हातातून घेतली. चहा झाला. आम्ही तिघं रस्त्याकडे तोंड करून, सगळ्या गल्लीला दिसेल असं बसलो. समोरच्या बाई वाळलेले कपडे काढायला बाहेर आल्या आणि आम्हाला बघून थबकल्या. काकूंनी तिथूनच, चांगल्या मोठ्या आवाजात, चहा घ्यायला येता का म्हणून विचारलं. बाई कपडे छातीशी धरून जरा हसल्या आणि आत्ताच झाला म्हणाल्या.

“बरं,” काकू म्हणाल्या. “उद्या इचारते.”