सविताचा जॉब

भुताखेताची गोष्ट सांगणाऱ्याला मी आधी विचारते, नीट जेवला होतास का? मी हिंगोलीत कॉलेजवर वनस्पतीशास्त्र शिकवते आणि या वयात पीएचडी करते आहे, त्यामुळे असल्या गोष्टींना वेळ नाही. तरीही हे लिहिते आहे.

आमच्या विद्यापीठात संशोधनासाठी सामायिक क्लस्टर आहे — एकत्र जोडलेले पुष्कळ कॉम्प्युटर. आम्ही इथून नेटवरून काम, म्हणजे 'जॉब', पाठवायचं, ते रांगेत लागायचं आणि आम्ही वाट बघायची. आमच्या गाइडच्या सगळ्या विद्यार्थ्यांत मिळून लॉगिन एकच, आणि त्यावर एका वेळी एकच जॉब चालतो. म्हणून आमचा नियम आहे : दुसऱ्याच्या जॉबला हात लावण्याआधी ग्रुपवर विचारायचं.

त्या शनिवारी रांगेत माझ्यापुढे सविता राठोड होती. डोंगरकड्याजवळच्या तांड्यावरची, माझ्यापेक्षा बरीच लहान. हळदीच्या जनुकांवरचा तिचा जॉब सुरू होऊन दुसरा आठवडा लागला होता. तिची पीएचडीची मुदतवाढ संपत आलेली, हा जॉब बुडाला तर नोंदणीच रद्द. हे मला माहीत होतं. पण मलाही सोमवारी पेपर पाठवायचा होता. जॉब जिथे ओळीओळीने उत्तरं लिहितो त्या तिच्या फाइलमध्ये सकाळपासून नवी ओळ आली नव्हती... अडकलाय, असं मी ठरवून टाकलं. ग्रुपवर विचारलं नाही. जॉब रद्द केला. लगेच माझा सुरू झाला.

दुपारी तिचा फोन आला. मागे बायकांचा गलका.

"मॅडम, हळद शिजवून राहिलो आमी. लॅपटॉप हिंगोलीलाच राहिला. माझा जॉब चालू हाये का, तेवढं बघून सांगा."

समोरच्या स्क्रीनवर फक्त माझा जॉब होता.

"चालू आहे," मी म्हणाले.

"मग बिनघोर झाले मी," म्हणाली आणि फोन ठेवला.

सोमवारी सांगू, तोवर तिच्या घरचं काम तरी उरकेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. रविवारी मला जेवण गेलं नाही.

सोमवारी ती स्टाफरूममध्ये आली ती पेढे घेऊन. जॉब पूर्ण झाला होता. मी तिच्याच लॅपटॉपवर फाइल उघडून पाहिली. शेवटच्या ओळीपर्यंत सगळं होतं, वेळ रविवार दुपारची.

क्लस्टर सांभाळणाऱ्या इंजिनिअरला मी फोन केला. तो म्हणाला, शनिवारी तुमच्या लॉगिनवरून एक जॉब रद्द झाला, त्यानंतर एकच चालला, तो तुमच्या नावाचा. मी विचारलं, मग ही फाइल कुणी लिहिली? मॅडम, ते तुम्हीच सांगा, म्हणाला. रद्द झालेला जॉब पुन्हा पहिल्यापासून चालवावा लागतो, एका दिवसात तो कुणालाच संपवता येणार नाही. आकडे तरी चुकीचे असतील म्हणून पुढे मी रांगेतल्या माझ्या पाळीला स्वतःचं काम सोडून तोच जॉब पुन्हा चालवला. आकडे शेवटपर्यंत जुळले.

मला याचा उलगडा झालेला नाही. इंजिनिअरलाही नाही, त्याने विचारायचं सोडून दिलं. तिचं काहीच बिघडलं नाही, मग कशाला सांगायचं, असं मी रोज म्हणते, आणि रोज ते मलाच पटत नाही.

परवा तिने प्रबंधाचं आभाराचं पान तपासायला आणून दिलं. त्यात लिहिलं होतं, मॅडमनी माझ्या जॉबवर लक्ष ठेवलं म्हणून मी घरी निश्चिंत राहू शकले.

मी म्हणाले, "एवढी ओळ काढ."

"काहून मॅडम?" ती हसली. "तुमी चालू हाये म्हणालात, अन् चालूच होता की."

ओळ तशीच ठेवून मी पानाखाली तपासल्याची सही केली आणि परत दिलं.