अट क्रमांक चार

सानिका भोईटेची फाइल मी तिसऱ्यांदा परत केली, तेव्हा तिच्या मिडटर्मला पंधरा दिवस उरले होते.

"आता काय राहिलं, मॅडम?" तिच्या वडिलांनी विचारलं. ते कुवेतमध्ये, शुऐबाच्या औद्योगिक भागातल्या एका प्लांटमध्ये इंजिनिअर होते. युनिफॉर्मवरच आले होते. मांडीवर पिंजरा, पिंजऱ्यात बटर नावाचं पिवळं मांजर. शेजारी सानिका.

"डॉक्टरांचं पत्र पुण्याचं आहे," मी म्हणाले. "अटेस्टेशन लागेल."

भारतातला कागद कुवेतमध्ये खरा मानला जावा म्हणून त्यावर आधी तिकडे आणि मग इथे सरकारी शिक्के घ्यावे लागतात. डिग्रीला, लग्नाच्या दाखल्याला ते लागतातच. डॉक्टरांच्या पत्राला आमच्या युनिव्हर्सिटीत लागतात, असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते मी त्या क्षणी ठरवलं.

ही २००६च्या सुमाराची गोष्ट. मी एका खासगी युनिव्हर्सिटीत स्टुडंट अफेअर्समध्ये होते. कॅम्पसवर प्राणी आणायच्या परवानगीच्या फाइली माझ्याकडे असत. फाइली कसल्या, दोनच. पहिली एका अंध मुलाच्या कुत्र्याची. तो सर्व्हिस अ‍ॅनिमल, म्हणजे कामाचं ट्रेनिंग मिळालेला प्राणी. जिना आला की थांबायचं, गाडी आली की मालकाला अडवायचं. त्याचं सर्टिफिकेट असतं. दुसरी फाइल सानिकाची. तिचं मांजर इमोशनल सपोर्ट अ‍ॅनिमल. त्याला काहीही येत नाही. ते जवळ असलं की माणसाची घबराट कमी होते, एवढंच. पुरावा म्हणजे डॉक्टरांचं पत्र.

सानिकाला परीक्षेत पॅनिक अ‍ॅटॅक यायचे. पहिल्या सेमिस्टरला ती दोन पेपर अर्धवट टाकून उठली होती. ही मिडटर्मही गेली असती तर तिचं नाव कमी होणार होतं. हे तिने मला पहिल्याच भेटीत सांगितलं. सर्दी झाली आहे असं सांगावं, तितक्या सहज. "आय जस्ट फ्रीझ, मॅम. मला माझं नावसुद्धा लिहिता येत नाही."

मला ते ठाऊक होतं. बारावीला फिजिक्सच्या व्हायवात मीही तशीच उभी राहिले होते. आम्ही तेव्हा इथेच, कुवेतमधल्या अबू हलीफाला राहायचो. सकाळी मी दोनदा उलटी केली. बाबा म्हणाले, "पाणी पी आणि नीघ. नाटकं नकोत." व्हायवात तोंडातून शब्द फुटला नाही. इंजिनिअरिंग गेलं. या गोष्टीला नाव असतं, तिच्यासाठी डॉक्टर पत्र देतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि इथे एक बाप ड्यूटी सोडून मांजर मांडीवर घेऊन बसला होता. "तिला नाही जमत, मॅडम. मग आपणच काहीतरी करायला हवं ना?" असं म्हणत होता.

पहिल्यांदा फाइल परत केली तेव्हा पत्रावर डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर नव्हता. ते बरोबर होतं. दुसऱ्यांदा लसीच्या कार्डाचं अरबी भाषांतर मागितलं. ते अर्धं बरोबर होतं. तिसऱ्यांदाचं वर सांगितलंच.

"पंधरा दिवसांत होईल?" भोईटेंनी विचारलं.

"साधारण महिना लागतो."

हे मात्र खरं होतं. म्हणून तर मागितलं.

सानिकाने मान हलवली. "थँक यू, मॅम. अ‍ॅट लीस्ट तुम्ही सगळं क्लिअर सांगता."

गेटवर अन्वरभाई असत, श्रीवर्धनचे. त्यांनी या बापलेकींना तीनदा आत-बाहेर करताना पाहिलं होतं. संध्याकाळी मला म्हणाले, "मॅडम, आता मांजराला सिव्हिल आयडी पण काढायला लावणार काय?"

"रूल आहे, अन्वरभाई."

"असेल, असेल," ते म्हणाले आणि बॅरिअर वर केला.

पुढचे दिवस मी भोईटेंना फोन करू शकले असते. नंबर फाइलच्या कव्हरवर होता. रोज सकाळी ती फाइल मी या ट्रेमधून त्या ट्रेमध्ये ठेवत असे.

मिडटर्मच्या आदल्या दिवशी ते आले. त्यांच्या भावाने डॉक्टरांकडून नवं पत्र घेतलं होतं आणि पुणे-मुंबई करून तिकडचे शिक्के मिळवले होते. मग प्लांटमधला गुहागरचा एक फिटर सुट्टीवरून परतत होता, त्याच्या बॅगेतून कागद आला. इथल्या शिक्क्यांसाठी भोईटे दोन दिवस रांगेत उभे होते. पत्राची मागची बाजू शिक्क्यांनी भरली होती. एका कोपऱ्यावर आंबट वासाचा लाल डाग होता. "कोकमाची बाटली फुटली त्याच्या बॅगेत," भोईटे ओशाळून म्हणाले. "चालेल ना, मॅडम?"

"चालेल," मी म्हणाले.

परीक्षेला लायब्ररीशेजारच्या खोलीत सानिका, मी आणि पिंजरा. पहिली दहा मिनिटं तिने काहीच लिहिलं नाही. मग डावा हात पिंजऱ्यात घातला आणि उजव्या हाताने नाव लिहिलं. मांजराने काही केलं नाही. ते झोपलं होतं. तिने पेपर पूर्ण केला, पुरवणीही मागितली. पुरवणी देताना मला आनंद झाला असं लिहायला आवडलं असतं.

आठवड्याने माझी बॉस हाला हिने फाइल पाहिली. हाला लेबनीज, कामाला कडक. तिने पत्र उलटं केलं, शिक्के मोजले.

"ही अटेस्टेशनची आयडिया कुणाची?"

"माझी."

"उत्तम. उद्या कुणी बोट दाखवायला नको. फॉर्ममध्ये घाल."

त्याची गरज नाही, असं म्हणायला एक वाक्य पुरलं असतं. माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. या वेळी मी घाबरले नव्हते. खरं सांगितलं असतं तर का मागितलं तेही सांगावं लागलं असतं. मी जागेवर आले आणि अट क्रमांक चार टाइप केली.

पुढच्या सेमिस्टरला हैदराबादची एक मुलगी आली. एकटीच. फॉर्म वाचत वाचत ती चौथ्या ओळीवर थांबली. "ये इंडिया से कौन करवाएगा, मॅडम?" तिने विचारलं. मग फॉर्मची बारीक घडी करून पर्समध्ये ठेवली आणि गेली. परत आली नाही. तिच्याकडे कुठलं जनावर होतं तेही मला कळलं नाही.

दोन वर्षांनी नोकरी सोडायच्या आधी मी कमिटीपुढे अट चार काढून टाकायचा प्रस्ताव ठेवला. पाच मिनिटांत फेटाळला गेला. नियम आहे, म्हणजे त्याला काहीतरी कारण असणार, असं सगळ्यांचं मत पडलं.

कारण होतंच. फक्त ते फाइलमध्ये नव्हतं.