काकांच्या उजव्या हाताची नखं

मी लिहायला बसलोय हेच मला अवघड वाटतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि गिटारीतलं मला काही कळत नाही. लहान तोंडी मोठा घास आहे, सांभाळून घ्या. पण लातुरातल्या माझ्या घरमालक काकांएवढा उजवा हात जपणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात नसेल, एवढं छातीठोकपणे सांगतो.

काका आणि नांदेडला दिलेली त्यांची धाकटी बहीण, म्हणजे ताई, दोघं मिळून शास्त्रीय गिटार वाजवायचे. वडील रेल्वेत, सिकंदराबादच्या कॉलनीत एका म्हाताऱ्या गार्डानं दोघांना शिकवलं. ही गिटार नखांनी वाजवतात. म्हणून काकांच्या उजव्या हाताची नखं कायम वाढलेली. ती घासायला ते हार्डवेअरच्या दुकानातून झिरो नंबरचा पॉलिश पेपर आणतात, दुकानदार विचारतो, "दार केवढं हाय, काका?" पंगतीत भाकरीसुद्धा चमच्यानं. एकदा हात मिळवायला आलेल्या नगरसेवकापुढे त्यांनी डावा हात केला, तेव्हा शेजारी उभा असलेला मी लाजेनं चपलांकडे बघत राहिलो. कणकेला तर ते वैरीणच मानतात. ताईंच्या लग्नाच्या बैठकीत त्यांनी मानपान काही मागितला नाही, एकच अट घातली: पोळ्यांना बाई लावायची.

दोघांनी लातूर, नांदेड, उदगीर गाजवलं, म्हणजे जिथं बोलावलं तिथं वाजवलं. उदगीरला तारा जुळवण्यालाच टाळ्या पडल्या. मग नांदेडच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत कुणीतरी शेंगा फोडत होतं. काका मध्येच थांबले, त्याला झाप झाप झापलं आणि मंचावरून निघून गेले. तो ताईंचा सासरा होता. ताईंनी आपली बाजू एकटीनं शेवटपर्यंत वाजवली, आणि तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. काका मात्र रोज संध्याकाळी आपली बाजू वाजवतात, ताईंच्या जागा मोकळ्या सोडून, खाली मान घालून. मला आधी वाटायचं, हे संगीत असंच थांबत थांबत असतं.

दिवाळीत मी नांदेडमार्गे नायगावला घरी निघालो, तेव्हा काकांनी ताईंसाठी तारांचं पाकीट दिलं. ताईंनी ते घेतलं, चहा दिला, निरोप दिला नाही. परत आलो तर काकांनी तब्येत विचारली नाही.

"तिची नखं बघितलीस का?"

"काढलीत, काका. कणीक मळत होत्या."

"माझ्यामुळं," एवढंच म्हणाले. त्या संध्याकाळी गिटार वाजली नाही. खरं तेच सांगितलं, तरी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

या उन्हाळ्यात निघताना त्यांनी तारा दिल्या नाहीत. एक पिशवी दिली, सासऱ्यांसाठी खारवलेल्या शेंगा. अशी माफी पोचवताना मान वर होत नव्हती. म्हाताऱ्यानं माझ्यासमोरच शेंगा फोडायला घेतल्या. ताई आत निघून गेल्या.

काल काकांचा फोन आला. एरवी ते फोनवर ओरडतात, काल हळू बोलत होते.

"ताईचा फोन आलता. काही विशेष नाही म्हणाली." मग थांबले, ताईंच्या जागेवर थांबतात तसे. "पोळ्यांना बाई लावली म्हणाली."