नव्या इंजिनाला जुना पेट्रोल पाइप!

दोहाकरांनो, माझा राग अजून शांत झालेला नाही.

आज सकाळी इंडस्ट्रियल एरियातल्या गॅरेजमधून माझी जुनी, हौसेची गाडी ताब्यात घेतली. इंजिन नवं बसवलेलं. सोबत बायको आणि लेक. अल रय्यानला घराकडे निघालो, तर लेक मागून म्हणाली, "बाबा, आय कॅन स्मेल पेट्रोल."

गाडी बाजूला घेऊन बंद केली, दोघींना लांब उभं केलं आणि बॉनेट उघडलं. रबरी पाइपातून पेट्रोल अजून उडत होतं, तापलेल्या एक्झॉस्टपासून वीतभर अंतरावर! नव्या इंजिनाला जास्त दाब सोसणारा पाइप लागतो. यांनी जुन्याच इंजिनाचा चिरलेला पाइप क्लिप आवळून जोडला होता.

गॅरेजवाल्याला फोन लावला. तो म्हणतो, "भाई, दूसरा क्लिप मार देंगे, खलास. इतना गुस्सा क्यों?"

"गाड़ी में मेरी बेटी बैठी थी!" मी ओरडलो.

"लेकिन आग तो नहीं लगी ना?"

मी फोन कापला. गाडी टो करून दुसऱ्या गॅरेजला टाकली.

मला एवढंच सांगा, आग लागेपर्यंत चुकीला चूक म्हणायचंच नाही का?