पालथा कप

बाबा हयातीचा दाखला द्यायला बँकेत निघाले, तसा आईने त्यांचा कप धुऊन फळीवर पालथा घातला. ते कोळसा खाणीत उतरायचे तेव्हापासूनची तिची ही सवय. खाणीच्या तोंडाशी बाबा आपला पितळी बिल्ला हजेरीबाबूकडे ठेवत आणि वर आले की परत घेत. बिल्ला तिथेच असला तर माणूस अजून खाली आहे, असं समजायचं. घरात आईचा बिल्ला म्हणजे हा कप.

ते येईपर्यंत मी ट्रंकेतल्या त्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या चाळत बसले. पहिल्या चिठ्ठीवर एकच ओळ होती. पुढे चिठ्ठ्या लांबत गेल्या. महागाई भत्ता आला, घरभाडं आलं, भूमिगत भत्ता आला. दर वेतनकराराला आकडे थोडे फुगले. जमिनीखाली जाण्याचं मोल असं वर्षावर्षाने वाढलेलं पाहून खूश व्हावं की धसका घ्यावा, मला कळेना.

"आई, पगार वाढला की तुला बरं वाटायचं?"

"वाटायचं की. घरात साखर जास्त येई," ती हसली. "पण पगार वाढला म्हणून माणूस काही लवकर वर येत नाही, बाई."

फाटक वाजलं. बाबा आत आले, पंख्याखाली टेकले आणि म्हणाले, "झालं. आणखी एक वर्ष जिवंत आहो म्हणते बँक."

"मले माहीत आहे," आई म्हणाली आणि कप सुलटा करून तिने त्यात चहा ओतला.